लोखंडाशी फटकून राहणारी सुई

रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला दारूखान्याच्या बाजूने गेलं की पत्रे, अँगल, साखळदंड आणि नांगरांचे ढीग लागतात. या किनाऱ्यावर कित्येक दशकं जहाजं मोडली गेली. पोलाद वितळायला जायचं आणि पितळी नग जुन्या बाजारात. त्यातच कधी जहाजाच्या होकायंत्राचा कमरेएवढा खांब असायचा. वर काचेखाली तबकडी आणि दोन्ही अंगांना एकेक लोखंडी गोळा. दिवाणखान्यात हा खांब मांडणारे ते गोळे शोभेचे समजतात, पण डोंगरात नकाशा हाती घेऊन पळणाऱ्याच्या अंगठ्यावर आज जे चिमुकलं होकायंत्र बसतं, त्याची कुळी सांगायची तर या गोळ्यांपासूनच सुरुवात करावी लागते.

चुंबकी सुई उत्तर दाखवते आणि तरी थोडी ढळते, हे चीनच्या शन ग्वोने 1088च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. लाकडी जहाजांवर तिचं बरं चाललं होतं. एकोणिसाव्या शतकात जहाजंच लोखंडाची झाली आणि तिच्या घरातच शत्रू शिरला. 1838मध्ये जॉर्ज एअरीने ‘रेनबो’ या लोखंडी जहाजावर प्रयोग करून सुईजवळ चुंबक आणि लोखंड ठेवून जहाजाचा ओढा रद्द करण्याची रीत बसवली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1876मध्ये पेटंट घेतलेल्या होकायंत्राने तिला घाटदार रूप दिलं. ते दोन गोळे त्याच हिशेबाचे: लोखंडाचा उतारा लोखंडानेच.

मुंबईने मात्र दुसरा उपाय केला, दूर जाण्याचा. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत होती. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर काही काळ या वेधशाळेचे प्रमुख होते. सप्टेंबर 1859मधलं प्रचंड सौरवादळ इथल्या नोंदींत सापडतं. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. रुळांतल्या प्रवाहाने सुया बिथरल्या असत्या, म्हणून तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथली इमारत बांधताना चुंबकी साहित्य कटाक्षाने टाळलं. 1904 ते 1906 दोन्हीकडच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नवीला जोडता आली. 1907मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोवर सुया सुखरूप खाडीपार पोचल्या होत्या.

तिकडे स्वीडनमध्ये सुईपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. 1919मध्ये अर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरवली: नकाशावर ठिकाणं ठरलेली, वाट ज्याची त्याने काढायची. दोनशेहून जास्त स्पर्धक उतरले. पण पळताना सुई लटलटते, आणि ती स्थिर होईपर्यंत थांबलं तर वेळ जातो. 1930च्या दशकात शेलस्ट्रॉम बंधू आणि गुन्नार टिलांडर यांनी पारदर्शक पट्टी, कोनमापक आणि सुई एकत्र आणली. फिनलंडचे तुओमास व्होहलोनेन यांनी सुईची डबी द्रवाने भरून बंद करण्याची पद्धत काढली. द्रवात सुईचं डोलणं लवकर थांबतं. 1968मध्ये ब्रिटनमध्ये डोंगरी मॅरेथॉन सुरू झाली, ती याच आयुधाच्या भरवशावर. दोघांचा संघ, दोन दिवस, राहुटी आणि शिधा पाठीवर.

हे यंत्र सह्याद्रीत आणलं की त्याच्या तीन गोष्टी कळतात. मुंबईच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचंही अंतर नाही, त्यामुळे नकाशावरून दिशा घेताना बेरीज-वजाबाकी जवळपास लागत नाही. दुसरी गोष्ट अशी, की उत्तर युरोपात चुंबकी बल जमिनीकडे फार खोल कलतं, मुंबईत तीस अंशांहूनही कमी. तिकडच्या कलासाठी तोललेली सुई इथे दक्षिण टोकाने खाली झुकते आणि डबीत घासते, म्हणून कारखानदार प्रदेशानुसार सुया वेगळ्या तोलतात. तिसरी गोष्ट कातळाची. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि जिथे वीज पडून गेली आहे तिथला खडक सुईला चांगलाच ओढतो. हाच कातळ थिजताना त्या वेळच्या चुंबकत्वाची खूण जपून बसला. 1950च्या दशकात भूभौतिकशास्त्रज्ञ क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या खडकांतली ती खूण वाचली. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून सरकत इथवर आल्याचा तो भक्कम पुरावा ठरला.

सुई एकटी पुरत नाही, सोबत नकाशा हवा. किनाऱ्यालगतच्या मुलखाचे तपशीलवार नकाशे आपल्याकडे दीर्घकाळ सहज मिळत नव्हते. 2005च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी वेगळी मालिका काढली. तोवर इथला भटका धनगराला विचारत, घाटवाटा आणि खिंडींची नावं पाठ करत फिरला, आणि ते ज्ञान आजही उपयोगी आहे. पुण्याच्या ‘एंड्युरो-3’सारख्या साहसशर्यतीत तिघांचा संघ सायकलने आणि पायी डोंगर तुडवतो. अशा वेळी जुनाच नियम पाळावा लागतो: मोबाइल, सुरी आणि चुंबकी बटणाची पिशवी सुईपासून हातभर दूर. माथ्यावर धुकं असेल तर एका जागच्या दिशेवर विसंबू नये. कातळ सोडून दहा-वीस पावलं सरकावं, पुन्हा सुई पाहावी, आणि दोन्ही वेळा उत्तर एकच आली तरच पळायला लागावं.