काडतूस पुनर्भरण

काडतूस पुनर्भरण म्हणजे एकदा उडविलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवून तिचे पुन्हा वापरण्याजोगे काडतूस तयार करण्याची क्रिया होय. काडतुसाच्या चार घटकांपैकी पितळी पुंगळी हा सामान्यतः सर्वांत महाग भाग असतो आणि काळजी घेतल्यास ती अनेकदा वापरता येते. अमेरिकेसारख्या देशांत हा घरगुती छंद म्हणून रुजला, त्याचे हे एक कारण; दुसरे कारण अचूकतेचे. स्वतःच्या बंदुकीच्या नळीला मानवेल असे एकसारखे काडतूस हाताने जुळविता येते, असा पुनर्भरण करणाऱ्यांचा अनुभव आहे.

भारतात ही क्रिया परवान्याविना करता येत नाही. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात या विषयाला वेगळे महत्त्व आहे. पुनर्भरणाची बहुतेक यांत्रिक अवजारे येथील कोणत्याही बऱ्या टूलरूममध्ये घडविता येण्याजोगी आहेत, त्यामुळे येथे अडचण कौशल्याची नसून कायद्याची आणि सुरक्षिततेची आहे.

== काडतुसाची रचना ==

आधुनिक काडतुसाच्या पुंगळीच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी असते. चाप ओढल्यावर आघातपिन टोपीवर आदळते, टोपीतील ज्वाला छिद्रावाटे आत जाऊन दारू पेटते आणि निर्माण झालेल्या वायूंच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. पितळी पुंगळी त्या क्षणी फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ती किंचित आक्रसते. मात्र मूळ मापावर पूर्णपणे परत येत नाही. पुनर्भरणातील पहिले काम म्हणून तिला मूळ मापावर आणणे हेच असते.

टोपीच्या जागेवरून काडतुसांचे दोन वर्ग पडतात. टोपी बुडाच्या मध्यभागी असलेल्या काडतुसांना सेंटरफायर म्हणतात. ज्यांच्या बुडाच्या पोकळ काठातच पेटता मसाला भरलेला असतो, ती रिमफायर. रिमफायर काडतूस उडाले की काठ चेपतो आणि त्यातील मसाला जळून जातो, म्हणून त्याचे पुनर्भरण व्यवहारतः होत नाही. ऑलिंपिक नेमबाजीत वापरले जाणारे .२२ बोअरचे काडतूस याच वर्गातले आहे. नेमबाजीकडे वळणाऱ्या नवशिक्याच्या दृष्टीने हा मुद्दा निर्णायक आहे.

सेंटरफायर टोप्यांमध्येही दोन पद्धती आहेत. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते, त्यामुळे वरून बारीक दांडा घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. बर्डन पद्धतीत ठोकण्याची ऐरण पुंगळीच्याच बुडात घडविलेली असते व शेजारी दोन बारीक छिद्रे असतात. तेथे हा दांडा चालत नाही. गंमत अशी, की एडवर्ड बॉक्सर हा ब्रिटिश अधिकारी. त्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली. हायरम बर्डन हा अमेरिकन. त्याची पद्धत युरोपातील लष्करांनी उचलली. घरगुती पुनर्भरणाचा छंद अमेरिकेत फोफावण्यास बॉक्सर टोपीची सोय मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली.

== नवशिक्यासाठी साधनांची निवड ==

जेथे हा छंद कायदेशीर आहे, तेथे नवशिक्याने प्रथम यंत्र नव्हे, तर पुनर्भरणाची अधिकृत मार्गदर्शिका विकत घ्यावी, असा संकेत आहे. दारू व गोळ्यांचे उत्पादक आपल्या चाचण्यांवरून प्रत्येक जोडीसाठी किमान व कमाल दारूचे वजन प्रसिद्ध करतात. या मर्यादा अंदाजाने ठरविण्याची गोष्ट नव्हे. दोन दारू दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा जळण्याचा वेग अगदी भिन्न असू शकतो.

मुख्य यंत्र म्हणजे दाबयंत्र किंवा प्रेस. त्याचे ढोबळ तीन प्रकार आहेत. एकटप्पी प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय बसते व दांड्याच्या एका ओढीत एकच काम होते. फिरत्या शिराच्या प्रेसमध्ये अनेक डाय बसवून ठेवता येतात. प्रगामी प्रेसमध्ये प्रत्येक ओढीला सर्व टप्पे एकाच वेळी पुढे सरकतात आणि तासाला शेकडो काडतुसे तयार होतात. नवशिक्याचा ओढा साहजिकच तिसऱ्या प्रकाराकडे असतो. पण जाणकार पहिलाच प्रकार सुचवितात. एकटप्पी प्रेसवर पन्नास पुंगळ्यांचे एक काम संपल्यावरच दुसरे सुरू होते, त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक पुंगळी हातातून व नजरेखालून जाते. प्रगामी यंत्रात एखादी पुंगळी दारूविना पुढे गेली किंवा तिच्यात दोनदा दारू पडली, तर ते नवख्याच्या लक्षात येईलच असे नाही. दारूविना किंवा अपुऱ्या दारूच्या काडतुसाची गोळी नळीतच अडकते आणि तिच्यामागून दुसरी गोळी उडविल्यास नळी फुटू शकते. दुहेरी दारूने तर पहिल्याच बाराला कोठी फाटू शकते. म्हणूनच भरलेल्या पुंगळ्या खाचांच्या पाटात ओळीने उभ्या करून, गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येकीत प्रकाश टाकून दारूची पातळी पाहण्याची शिस्त मूलभूत मानली जाते.

डाय म्हणजे पुंगळीला माप देणारे कठीण पोलादी साचे; चाकणच्या सुट्या भागांच्या उद्योगात रोज वावरणाऱ्यास त्यांची कल्पना नव्याने सांगावी लागत नाही. सरळ भिंतीच्या पिस्तुली पुंगळ्यांसाठी कार्बाइडचे कडे असलेली डाय घेतल्यास वंगण लावावे लागत नाही. बाटलीसारख्या मानेच्या रायफली पुंगळ्यांना मात्र वंगण अपरिहार्य असते. ते राहिले तर पुंगळी डायमध्ये घट्ट अडकून बसते.

मोजमापाच्या साधनांत काटकसर करू नये, या मुद्द्यावर जवळजवळ सर्व मार्गदर्शिका एकमत आहेत. दारूचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. पुनर्भरणाच्या काट्याला दशांश ग्रेनचा, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमचा फरक दिसला पाहिजे. बाजारात सर्वत्र मिळणारा ०.०१ ग्रॅमचा स्वस्त इलेक्ट्रॉनिक काटा दहा मिलिग्रॅमच्या खालचे काही दाखवीतच नाही, म्हणून तो येथे निरुपयोगी आहे. काट्यासोबत तो पडताळण्यासाठी प्रमाणित वजने आणि काडतुसाची एकूण लांबी मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर लागतो. गोळी ठरलेल्या मापापेक्षा खोल बसली, तर पुंगळीतील मोकळी जागा घटून दाब वाढतो. पुंगळी कापण्याचे व घासण्याचे अवजार, टोपी बसविण्याचे साधन, चुकलेली गोळी बाहेर काढण्याची हातोडी आणि डोळ्यांवरचा चष्मा ही यादीतील उरलेली सामग्री.

== भारतातील कायदेशीर स्थिती ==

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ अन्वये शस्त्रे व दारूगोळ्याची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती, चाचणी इत्यादींसाठी परवाना आवश्यक आहे. रिकाम्या पुंगळीपासून जिवंत काडतूस तयार करणे हे निर्मितीतच मोडते. बंदूक बाळगण्याचा परवाना हा वापराचा परवाना असतो. त्यातून काडतुसे तयार करण्याचा अधिकार मिळत नाही, हे परवानाधारकही पुष्कळदा विसरतात.

याहून कमी माहीत असलेली बाब अशी, की याच अधिनियमाच्या कलम २ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. परदेशातून कोणी हौसेने आणलेली प्रेस, डाय किंवा टोप्यांची डबी ही केवळ ‘अवजारे’ आहेत, असा बचाव त्यामुळे लंगडा पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ चे उल्लंघन करून निर्मिती करणाऱ्यास किमान सात वर्षांच्या कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा व दंडाची तरतूद आहे. भोसरीतील एखाद्या लहान वर्कशॉपने नमुना म्हणून हाती दिलेली डाय रेखाचित्राबरहुकूम करून देण्यापूर्वी ती कशासाठी आहे हे विचारणे इष्ट ठरते, ते याच कारणाने.

दारू हा स्फोटक पदार्थ असल्याने तिला स्फोटके अधिनियम, १८८४ व स्फोटके नियम, २००८ हेही लागू होतात. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण व देहूरोड हा भाग १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो व शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी तेथेच अर्ज करावा लागतो.

ज्वलनशील मसाल्यांच्या विनापरवाना हाताळणीचा धोका या पट्ट्याने अनुभवला आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे केकवर लावण्याच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका विनापरवाना कारखान्यात आग लागून अनेक कामगारांचा मृत्यू झाला. मृतांत बहुतांश महिला होत्या. तो मसाला काडतुसाचा नव्हता. तथापि शोभेच्या दारूतील मसाला बंदुकीसाठी वापरण्याचे प्रकार याहूनही घातक आहेत, कारण त्याच्या दाबाचे कोणतेही प्रमाण उपलब्ध नसते.

हाताने बार भरण्याची एक जुनी परंपरा महाराष्ट्रात परवान्याखाली आजही टिकून आहे. सिंधुदुर्गासह कोकणात शेतीसंरक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या परवान्यांवर ठासणीच्या बंदुका बाळगल्या जातात. तीत पुंगळीच नसल्याने प्रत्येक बाराला दारू व छर्रे नळीच्या तोंडातून ठासावे लागतात. हे पुनर्भरण नव्हे, परंतु सर्वसामान्य मराठी माणसाच्या मनात ‘बंदूक भरणे’ म्हणजे बहुधा हेच चित्र असते.

== खडकीचा दारूगोळा कारखाना ==

पिंपरीपासून काही किलोमीटरवर, मुळा नदीपलीकडे खडकीचा दारूगोळा कारखाना आहे. तो १८६९ मध्ये स्थापन झाला. येथील काडतुसांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे उमटविलेली असतात. ती ‘किर्की फॅक्टरी’ या जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. लष्करी काडतुसांबरोबर नागरी परवानाधारकांसाठीची काडतुसेही येथे तयार होत आली असून १२ बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे शेतकऱ्यांत व शिकाऱ्यांच्या जुन्या पिढीत परिचित आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या, तेव्हा खडकीचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. भारतातील .३०३ च्या लष्करी पुंगळ्या बर्डन पद्धतीच्या असल्याने, अन्य देशांतील पुनर्भरण करणाऱ्यांच्या दृष्टीनेही त्या गैरसोयीच्या ठरल्या.

== पट्ट्यातील नवशिक्या नेमबाज आणि त्याची साधने ==

या भागातील नेमबाजीचे मुख्य केंद्र म्हणजे वाकडलगतचे बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारण्यात आले. येथे शिकणाऱ्याला पुनर्भरणाचा प्रश्न पडतच नाही. १० मीटर प्रकारात हवेच्या दाबावर चालणारी रायफल किंवा पिस्तूल असते. ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या ऑलिंपिक प्रकारांत.२२ चे रिमफायर काडतूस असते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या, तसेच कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले, ते कारखान्यात तयार झालेल्या काडतुसांवरच.

पुनर्भरणातून जो एकसारखेपणा साधायचा, तो या खेळात निवडीतून साधला जातो. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या पण वेगवेगळ्या बॅचच्या गोळ्या एकाच नळीतून निरनिराळे गट देतात. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक बॅचच्या काही गोळ्या झाडतात व ज्या बॅचची छिद्रे सर्वांत दाटीने पडतात तिचा साठा घेतात. हवाई रायफलीच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या खटाटोपाचे कारण कळते. हवाई गोळ्या ४.४९, ४.५० व ४.५१ मिमी अशा शतांश मिलिमीटरच्या फरकाने मिळतात. रायफलीची गोळी साधारण ०.५३ ग्रॅमची असते. मात्र पहिल्या वर्षी बॅच तपासण्यात पैसे घालणे व्यर्थ आहे. नवशिक्याच्या हाताचा कंप गोळीच्या दोषापेक्षा कितीतरी मोठा असतो.

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंत बोअर व २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्रांना परवाना लागत नाही. स्पर्धेच्या हवाई रायफलीची ऊर्जा सुमारे ७ ते ८ ज्यूल असते. आरंभी संकुलाचे किंवा क्लबचे शस्त्र वापरून पाहावे व प्रशिक्षकाच्या सल्ल्यानेच खरेदी करावी. देशी शस्त्र सरावाला पुरते. जर्मन, ऑस्ट्रियन किंवा इटालियन बनावटीच्या शस्त्राची किंमत लाखांत जाते. वापरलेले शस्त्र घेताना नळीपेक्षा हवेच्या सिलिंडरवरील तारीख आधी वाचावी. उत्पादक बहुधा दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदतबाह्य सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी कॅनव्हास व चामड्याचे महागडे जॅकेट पहिल्याच वर्षी शिवून घेऊ नये. ते वर्षभरात आखूड होते.

घरी करण्याजोगा सराव म्हणजे कोरडा सराव. शस्त्रात गोळी नाही याची खात्री करून, भिंतीवरील लहान लक्ष्यावर नेम धरून केवळ चाप ओढण्याची ही क्रिया असून तिच्यासाठी दारू, टोपी किंवा प्रेस यांपैकी काहीच लागत नाही. गोळ्या हाताळल्यानंतर खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण हवाई गोळ्या शिशाच्या असतात. गोळ्यांची उघडी डबी स्वयंपाकघरात किंवा लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.