कर्ड्याचें पाडलेलें घर

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या वस्तींत पांच खोल्यांचें एक घर निघालें, व त्याच्या शेजारींच धान्याचें कोठार. घर गांवच्या प्रमुखाचें असावें आणि कोठारांत लोकांनीं दिलेला धान्याचा वाटा सांठवीत असावेत, असा डॉ. ढवळीकरांचा तर्क आहे. तो मानला, तर एकाच्या खळ्यांतून दुसऱ्याच्या कोठारांत काय जावें, हा प्रश्न या मुलखांत फार जुना ठरतो.

त्याच तालुक्यांतील कर्डे येथें १८७४ च्या डिसेंबरांत तो निराळ्या रूपानें उभा राहिला. कालूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख या वजनदार गृहस्थावर दीडशें रुपयांसाठीं हुकूमनामा मिळविला, आणि त्यांचें राहतें घर जमीनदोस्त केलें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं दोन खोल्या भाड्यानें दिल्या असतील, त्यांस हा व्यवहार वेडेपणाचा वाटेल. पाडलेलें घर भाडें देत नाहीं. त्या काळचे सावकार सहसा असें करीतही नसत. कर्जांत गेलेली जमीन ते पूर्वींच्याच कुणब्याकडे खंडानें ठेवीत. कालचा मालक आज कूळ होई, पण नांगर तोच धरी आणि चुलीचा धूर त्याच छपरांतून निघे. मालकी बदलली ती दप्तरांत. गांवाच्या डोळ्यांस कांहींच दिसत नसे, म्हणून गांव सोसून घेई. कालूरामानें तो पडदा स्वतःच्या हातानें फाडला. आमच्या मतें दीडशें रुपयांच्या कर्जाहून त्या पडक्या भिंतींनींच लोकांस अधिक चेतविलें.

गांवकऱ्यांनीं प्रथम हात उगारला नाहीं, हात आवरले. सावकाराचें शेत करावयाचें नाहीं, त्याचें पाणी भरावयाचें नाहीं, त्याची हजामत करावयाची नाहीं, असें ठरलें. न्यायाधीशानें जमीन देवविली, पण ती कसणारा माणूस कोणत्याही हुकूमनाम्यांत लिहिलेला नसतो, हें तेव्हां उघड झालें. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा पेटला व आसपास पसरला. तेथें लोकांना माणसांपेक्षां कागद हवे होते. खतें आणि हुकूमनामे हिसकून त्यांची होळी झाली.

सरकारनें चौकशी केली आणि १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा आला. खतामागें खरें कर्ज किती, हें पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. जमीन मात्र सावकाराकडे जातच राहिली. कुळाच्या बाजूनें निर्णायक कायदा १९४८ सालीं झाला, व १९५६ च्या दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून त्या दिवशीं कसणारा मालक मानला गेला. त्यांत मोठा जमीनदार सांपडला, तसा चार एकरांच्या खंडावर संसार चालविणारा लहान मालकही सांपडला. कायदा करणारांस त्याचा अगदींच विसर पडला नव्हता: मालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यांत नोकरीस असेल, तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढें ढकलला जाई. अशा जमिनींचे दावे नंतर कित्येक वर्षें चालले.