ट्राउटचा रॉड भीमेत चालेल का? शिरूर-दौंडला गळ टाकण्याआधी एवढं समजून घ्या

कमरेइतक्या थंडगार पाण्यात उभा असलेला माणूस, डोक्यावरून चाबकासारखी फिरणारी जाड दोरी आणि मग पाण्याबाहेर उसळी मारणारा ठिपकेदार मासा. ट्राउट आणि सॅल्मन पकडण्याचे असे रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. ते बघून रॉड मागवावासा वाटतो, आणि ऑनलाइन तो दोन क्लिकवर मिळतोही. पण तो घेऊन तुम्ही शिरूरला घोड नदीच्या काठावर किंवा दौंडजवळ भीमेच्या बंधाऱ्यावर बसलात, तर काय होईल?

रॉड चालेल, व्हिडिओतलं तंत्र मात्र फारसं चालणार नाही. कारण तिथली नदी वेगळी, मासा वेगळा आणि धोकेही वेगळे.

आपल्याकडे ट्राउट का नाही?

ट्राउटला थंड, वाहतं आणि भरपूर ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. पाण्याचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की तो अस्वस्थ होतो आणि २५च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो अशा दौंडमध्ये ट्राउट सोडला, तर तो टिकणारच नाही.

भारतातही ट्राउट मूळचा नाही. ब्रिटिशांनी १९००च्या सुमारास काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट आणला आणि मग तो हिमाचलमध्ये गेला. रेनबो ट्राउट निलगिरीच्या थंड ओढ्यांत रुजला. आज हिमाचलमधल्या तीर्थनसारख्या नद्यांवर परवाना काढून हौशी लोक ट्राउट पकडतात.

सॅल्मन तर आपल्या नद्यांत मुळीच नाही. हॉटेलच्या मेन्यूवर ‘इंडियन सॅल्मन’ लिहिलेलं असतं तो आपला रावस. चवीला उत्तम, पण सॅल्मनशी त्याचं नातं फक्त मेन्यूपुरतं.

इंग्रजांचा ‘सॅल्मन’ मात्र पुण्याच्या पूर्वेला होता

भारतात आलेल्या ब्रिटिश शिकाऱ्यांना सॅल्मनची उणीव भरून काढणारा मासा सापडला, तो म्हणजे महाशीर. वेगवान पाण्यात राहणारा, गळाला लागला की दोरा खेचत सुसाट पळणारा. हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ नावाचं पुस्तक काढलं. इथल्या हौशी मासेमारीची ती एकेकाळची मार्गदर्शिका, आणि त्यात महाशीरला मानाचं पान आहे.

पण त्याही आधीची गोष्ट जास्त जवळची आहे. लेफ्टनंट कर्नल विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांच्या नोंदी केल्या आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका महाशीरला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिलं. आज शास्त्रज्ञ त्याला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. तो मासा मिळाल्याचं ठिकाण काय नोंदवलंय? मुळा-मुठा, पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर. दुसरा एक मोठा मासा, ‘मुसुल्ला’, त्याने थेट शिरूरच्या घोड नदीतून नोंदवला. म्हणजे जगातला कुणीही संशोधक या माशाचा मूळ पत्ता शोधायला लागला, तर तो शिरूरला पोहोचतो. ही गोष्ट शिरूरमध्ये एखाद्या फलकावर असायला हरकत नव्हती.

तीच मुळा-मुठा आज पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. खुद्रीसाठी गळ टाकून इथे बसण्यात आता अर्थ नाही. लोणावळ्याच्या वळवण इथे टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरची पिल्लं तयार करून सोडली जातात. पण त्यातही एक धडा आहे. हीच खुद्री कावेरीत सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या मोठ्या महाशीरला तिने मागे सारलं. चांगल्या हेतूने मासा सोडला तरी नदी बदलते.

रॉडवर छापलेल्या आकड्यांचा अर्थ

व्हिडिओतली ती चाबकासारखी दोरी म्हणजे फ्लाय फिशिंग. ट्राउट पाण्यावर पडणारे किडे खातो, म्हणून पिसांचा किंवा धाग्यांचा खोटा किडा बनवतात. तो इतका हलका असतो की फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं आणि दोरी फेकली की किडा मागोमाग जातो. भीमेच्या मोकळ्या पात्रात हे करता येतं, पण काठावर बाभळी, मागे ऊस आणि पुढे जलपर्णी असेल तर अर्धा दिवस दोरी सोडवण्यात जातो.

इथे नवशिक्याने घ्यावा तो साधा स्पिनिंग रॉड, सहा ते आठ फुटांचा, मध्यम ताकदीचा. रॉडच्या मुठीजवळ ग्रॅममध्ये आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १०-३०. तेवढं वजन तो रॉड नीट फेकू शकतो. रीलवर २०००, ३०००, ४००० असे आकडे असतात, ते आकाराचे. आपल्याकडच्या कामाला ३००० पुरे.

रीलचा सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ड्रॅग, म्हणजे ताण वाढला की दोरा आपोआप सुटू देणारी सोय. लोक तो गच्च आवळून ठेवतात आणि मोठा कटला लागला की दोरा तटकन तुटतो. दोरा जेवढा ताण सहन करतो, त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणावर ड्रॅग सुटायला हवा. मासा पळाला तर पळू द्या. दमला की ओढा.

दोरा म्हणजे आपला तंगूस. पॉइंट ३० मिलिमीटरच्या आसपासचा पुरतो. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच दोरा कमजोर होतो. गळाचे नंबर उलटे चालतात हेही लक्षात ठेवा: १० नंबरचा गळ लहान, ४ नंबरचा त्याहून मोठा.

खाली खाणारा, वर खाणारा

इथे खरी गंमत सुरू होते. ट्राउट पकडणारा ‘मासा काय खातोय’ हा प्रश्न आधी विचारतो. ती सवय मात्र जशीच्या तशी उचलावी.

कटल्याचं तोंड बघा. खालचा जबडा पुढे आणि वर वळलेला. तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात फिरतो आणि मृगळ तळाशी, चिखलात. म्हणजे एकाच डोहात, एकाच आमिषाने, फक्त बूच वर-खाली सरकवून तुम्ही वेगळ्या माशासमोर गळ ठेवू शकता. कटल्यासाठी बूच गळाजवळ आणा, मृगळासाठी शिसं लावून आमिष तळाला टेकवा. आमिष म्हणून कणकेचा घट्ट गोळा चालतो, त्यात शेंगदाण्याची पेंड मिसळली तर वासामुळे मासा लवकर येतो. बसण्याआधी त्याच मिश्रणाचे दोन-चार गोळे पाण्यात टाकून ठेवतात. फार टाकलेत तर मासा त्यावरच पोट भरतो.

चिलापी सगळ्यात सोपा. लहान गळ, गांडुळाचा तुकडा, काठाजवळचं उथळ पाणी. मुलांना शिकवायला यापेक्षा चांगला मासा नाही. हाही बाहेरचाच. मोझांबिकचा तिलापिया भारतात १९५२ साली आला आणि उजनीच्या पाणलोटात आता चिलापी उदंड आहे. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती जगतात जास्त.

मरळ हा खरा शिकारी. जलपर्णीच्या कडेला दबा धरतो. तो हवेतूनही श्वास घेतो, म्हणून मधूनच पृष्ठभागावर येतो आणि तेव्हा त्याची जागा कळते. त्याच्यासाठी रबरी बेडूक मिळतो, त्याचे गळ वरच्या बाजूला दडलेले असतात, म्हणून तो पानांत अडकत नाही. तो पानांवरून उड्या मारत ओढायचा. जिवंत बेडूक टोचण्याची जुनी पद्धत सोडून द्या, ती क्रूर आहे आणि काही बेडकांना कायद्याचं संरक्षणही आहे. मरळाने झडप घातली की लगेच हिसका न देता क्षणभर थांबा. आणि पाण्यात लालसर पिल्लांचा घोळका दिसला, तर तिथून उठा. खाली पालक राखण करत असतो. त्याला उचललं की पिल्लं इतर माशांच्या पोटात जातात.

वाम आणि शिंगाळा तळाला आणि बहुतेक रात्री लागतात. शिंगाळ्याच्या काट्यांना जपा, बाकी तंत्र मृगळासारखंच.

कमरेइतक्या पाण्यात उतरू नका

व्हिडिओतला माणूस पाण्यात उभा असतो, ते तुम्ही करू नका. डोंगरी नदीचा तळ खडीचा असतो आणि पाणी नितळ, म्हणून पाय कुठे पडतोय ते दिसतं. भीमा आणि घोडच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट पुरुषभर खोलीत पडू शकतं आणि गढूळ पाण्यात ते दिसत नाही. टाकळी हाजी-निघोजचे कुकडीतले रांजणखळगे दिसायला सुंदर आहेत, पण पाणी वाहत असताना तिथल्या निसरड्या कातळावर रॉड घेऊन जाऊ नये.

पावसाळ्यात बातम्यांमध्ये ‘दौंडचा विसर्ग’ असा एक आकडा रोज येतो, क्युसेकमध्ये. सोलापूरकर तो उजनी कधी भरणार हे बघायला वाचतात. तुम्ही तो नदीवर जायचं की नाही हे ठरवायला वाचा. आकाश कोरडं असलं तरी वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी काही तासांत दौंडपर्यंत येतं.

उन्हाळ्यात धोका वाऱ्याचा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाणलोटात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. होडीतून गळ टाकणार असाल तर लाइफ जॅकेट घाला आणि ढग दिसताच काठ गाठा.

आणखी एक, जे परदेशी व्हिडिओ सांगत नाहीत: कार्बन फायबरचा रॉड वीजवाहक असतो. आपल्या नदीकाठावर शेतीपंपांच्या मोटारी आणि लोंबत्या तारा असतात. फेकण्याआधी आधी मागे बघतो, तसंच वर बघा.

पाणी कुणाचं?

हौशी माणसाला नदी मोकळी वाटते, पण धरणं आणि तलावांतली मासेमारी सहसा मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेली असते. घोड धरण असो वा उजनीचा फुगवटा, आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात किंवा स्थानिक संस्थेत विचारा. ज्याचं घर त्या पाण्यावर चालतं त्याच्या जाळ्याजवळ गळ टाकणं असभ्यपणाच आहे. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं तर १८९७च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

जूनच्या पहिल्या पुराबरोबर अंडी घालायला मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीचे मासे धरणं ही आपल्याकडची जुनी हौस आहे. तेव्हा मासा पकडणं सोपं असतं, कारण त्याचं लक्ष खाण्याकडे किंवा पळण्याकडे नसतं. माझ्या मते हौशी माणसाने ते दोन-तीन आठवडे घरी बसावं.

पकडलेला मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेला बुरशी लागते. गळाचा उलटा काटा पक्कडने आधीच दाबून टाकला तर गळ पटकन निघतो. चिलापी मात्र सोडण्याचा आग्रह नको, तो खुशाल घरी न्या. फक्त सांडपाण्याचा वास येतो किंवा फेस दिसतो, तिथला मासा खाऊ नका.

तुटलेला तंगूस तिथे टाकू नका. उजनीच्या काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांच्या पायांत तो अडकतो. गुंडाळून खिशात घाला आणि घरी आल्यावर बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका.