रस्त्याच्या कडेची गर्दी

१९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत 'पुणे ग्रँड टूर' ही सायकल शर्यत झाली. एकूण अंतर ४३७ किलोमीटर, परदेशी संघांसह. पिंपरी-चिंचवडमध्ये बॅरिकेडला टेकून मी आणि आपल्या वर्गातला एक मित्र उभे होतो. दोघेही नोकरीसाठी धुळे सोडून तिकडे स्थायिक झालेले. बाल्कन्या, फुटपाथ, दुकानांच्या पायऱ्या, सगळीकडे माणसे होती.

सायकल शर्यतीला तिकीट नसते. शर्यतच प्रेक्षकाच्या दारी येते. 'तूर द फ्रान्स' १९०३ साली सुरू केली ती एका वर्तमानपत्राने, खप वाढावा म्हणून. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणारा 'घाटाचा राजा' ठरे. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. पण आपण त्यांवर पाहिले ते ट्रकच. घाटाचा राजा आपल्याला भेटला तो पेपरात.

हा मित्र रोज अकरा किलोमीटरवरून सायकलने शाळेत यायचा. सकाळी त्याच सायकलला दुधाच्या कॅन लागायच्या. शाळेच्या सायकल शर्यतीत तो कधीच उतरला नाही. सुट्टीच्या दिवशी सायकल घरी हवी असे.

तासभर थांबलो आणि घोळका मिनिटभरात निघून गेला. चाकांचा सर्रकन आवाज, तोंडावर वाऱ्याचा झोत. मित्र ओरडला, "कसा पयतस भो! आपलाच मायक!"

खरेच होते ते. पुढचा स्वार वारा अंगावर घेतो, त्याच्या आडोशाने मागच्यांचे श्रम वाचतात. तो थकला की बाजूला होतो, दुसरा पुढे येतो. मार्चमध्ये सकाळची शाळा सुटल्यावर समोरून झळा यायच्या, तेव्हा खेड्यावरची पोरे हेच करत. आळीपाळीने पुढे, आणि पाचवीतला लहानगा कायम मागे. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

शर्यतीच्या इतिहासात विजेत्यांची नावे राहतात. कडेला उभ्या असलेल्यांत पायडलचे वजन ओळखणारे किती होते, याची नोंद कुठे होत नाही.

स्नेहमेळाव्यात गुणवंतांची नावे वाचली जातीलच. त्याआधी, जे गावाहून सायकलने शाळेत येत, त्यांनी एकदा जागेवर उभे राहावे. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायच्या राहून गेल्या आहेत.