विजेचा पहारेकरी

दिवाळीत पणत्यांच्या शेजारी आता विजेच्या माळाही लुकलुकतात. या विजेचा एक मोठा उगम चांदा मुलखात आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला आणि पुढच्याच वर्षी दुर्गापूरच्या कोळशाजवळ औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच फिरू लागला. तेव्हापासून साग-बांबूच्या रानांवरून उंच मनोरे दूरदूर निघाले.

अशा तारेवर आभाळातली वीज कोसळली वा वादळात झाड आडवे झाले, की हजारो अँपिअरचा लोट जमिनीकडे धावतो. तो तत्काळ तोडला नाही, तर लाखमोलाची रोहित्रे जळतात. तो ओळखून ब्रेकरला उघडण्याचा हुकूम देणारा जो पहारेकरी, त्याचे नाव रिले.

पूर्वीचा रिले म्हणजे स्प्रिंगला बांधलेली, चुंबकाने फिरणारी चकती. त्याची जागा गणित करणाऱ्या यंत्राने घ्यावी, ही कल्पना अमेरिकेत रॉकफेलर नावाच्या अभियंत्याने १९६९ साली सविस्तर मांडली. पुढे ज्यांनी हे शास्त्र उभारले, त्यांत अरुण फडके हे आपल्याकडचे नाव अग्रभागी आहे. खरगपूरच्या आयआयटीतून १९५९ साली पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, आणि तेथील एका वीज कंपनीत त्यांनी सत्तरच्या दशकात संगणकी रिले घडवला.

त्याची रीत ऐकण्याजोगी आहे. आपला विद्युतप्रवाह सेकंदाला पन्नास हेलकावे घेतो. म्हणजे एक हेलकावा वीस सहस्रांश सेकंदाचा. एवढ्या अवधीत हा रिले प्रवाह आणि दाब यांची अनेकवार मोजणी करून आकडे मांडतो. बिघाड झाला की प्रवाह चढतो, दाब पडतो. दाबाला प्रवाहाने भागले असता जो आकडा येतो, तो मधल्या तारेच्या लांबीप्रमाणे लहानमोठा असतो. म्हणून बिघाड झाल्याचे तर कळतेच, पण तो किती दूर आहे हेही कळते.

परंतु पहारेकरी चोर समजून घरच्या माणसावर धावला तर? ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर वाहिनीवर बिघाड नव्हता. भार मात्र अतोनात होता. रिलेने त्या भारालाच दूरचा बिघाड मानले, वाहिनी तोडली, आणि सारा उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भागही त्याच्यासोबत गेले. आपला पश्चिम विभाग दोन्ही दिवस तगला. अशा आपत्तीची चाहूल लागावी म्हणून दूरदूरच्या ठिकाणांची मोजमापे एकाच घड्याळाशी जुळवणारे यंत्रही फडके यांच्याच व्हर्जिनियातील प्रयोगशाळेत १९८८ साली सिद्ध झाले होते. २००८ साली फ्रँकलिन पदकाने त्यांचा गौरव झाला.

उलट चूकही आहे. कोरड्या मुरमावर पडलेल्या तारेतून फार थोडा प्रवाह वाहतो. गावच्या भारात तो लपून जातो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत रानडुकरांसाठी चोरून सोडलेल्या तारांनी वाघ मेले आहेत, माणसेही मेली आहेत. एका देहातून जाणारा प्रवाह उपकेंद्रातल्या रिलेला सहसा दिसतच नाही.

सहस्रांश सेकंदात कोसांवरचा बिघाड ओळखणारे यंत्र माणसाने घडवले खरे. पण शिवारातल्या तारेवरचा पहारा अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याच डोळ्यांवर आहे.