वंशावळ कोणापाशीं असते?

कुलसंमेलनास जो मनुष्य प्रथमच जातो, त्याला मंडपाच्या दारांतच चार प्रश्न विचारले जातात: गोत्र कोणतें, कुलदैवत कोणतें, मूळ गांव कोणतें आणि पणजोबांचें नांव काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें बहुधा देतां येतात. तिसऱ्यास थोडा वेळ लागतो. चौथ्यापाशीं पुष्कळांचें गाडें अडतें. नोंदणीच्या टेबलामागचे वृद्ध गृहस्थ मग भिंतीवरच्या लांबलचक वंशवृक्षाकडे बोट दाखवितात आणि आपली शाखा शोधून घेण्यास सांगतात. पाहुणा त्या वृक्षासमोर उभा राहतो. शेंकडों नांवें वाचून होतात, आणि आजोबांचें नांव कांहीं सांपडत नाहीं.

हा दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नव्हे. वंशावळ ही पूर्वजांच्या आठवणीसाठीं लिहिली जाते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु महाराष्ट्रांतील जुनीं दप्तरें उलगडून पाहिलीं तर निराळेंच दिसतें. पाटिलकी, कुलकर्ण, देशमुखी अशा वतनावर दोघां भाऊबंदांनीं हक्क सांगितला म्हणजे गोतसभा बसे. वादी आपला करीना मांडी, प्रतिवादी आपला मांडी. मूळपुरुष कोण, वडील शाखा कोणती, मध्यें निपुत्रिक कोण वारला, हें सारें दोघांनाही सांगावें लागे. आणि निवाडा झाल्यावर त्याचा महजर होई. मोडी कागदांतून संशोधकांच्या हातीं ज्या वंशावळी लागल्या, त्यांतील पुष्कळशा अशा भांडणांतून जन्मल्या आहेत. भाऊबंदकीला आपल्याकडे फार नांवें ठेवितात. पण ती नसती तर राजवाडे व मेहेंदळे यांनीं १९१० सालीं पुण्यास स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कपाटांत बरीच जागा रिकामी राहिली असती!

राजकुळांची कथाही फारशी वेगळी नाहीं. १६७४ त राज्याभिषेकाच्या प्रसंगीं भोसल्यांचें कूळ मेवाडच्या सिसोदियांशीं जोडणारी वंशावळ पुढें आली. तंजावरास दुसरे सरफोजी राजे यांनीं १८०३ मध्यें बृहदीश्वराच्या देवालयांत भोसले वंशाचें चरित्र मराठींत दगडावर कोरविलें. त्याच्या चारच वर्षें आधीं, म्हणजे १७९९ त, राज्याचा कारभार कंपनीच्या हातीं गेला होता, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोंकणस्थ घराण्यांनीं कुलवृत्तांत छापण्यास आरंभ केला, तोही घराणीं नोकरीपेशासाठीं गांवोगांवीं पांगल्यानंतरच.

तेव्हां ज्याला वतन नव्हतें, त्याची वंशावळ लिहिण्याची गरज कोणास होती? या प्रश्नाचें उत्तर सोलापूर जिल्ह्यांत चांगलें मिळतें. सोलापुराहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोहोळ तालुक्यांत, चिंचोळी एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत आहे. तेथें पत्ता म्हणजे प्लॉटचा क्रमांक. गल्लीला नांव नाहीं, आळीला नांव नाहीं. अशा ठिकाणीं यंत्रावर शेजारीं शेजारीं उभ्या राहणाऱ्या दोघांपैकीं एक आसपासच्या गांवच्या शेतकऱ्याचा नातू असावा आणि दुसरा सोलापूर शहरांतील तेलुगु विणकराचा, यांत नवल नाहीं. छापील कुलवृत्तांत दोघांपाशींही नाहीं. पण वंशाची खूण दोघांपाशीं आहे, आणि ती दोन अगदीं भिन्न पात्रांत सांठविलेली आहे.

शेतकऱ्याच्या घरीं ती हेळव्याच्या वहींत असते. कन्नड व मराठी या दोन्ही भाषा जेथें एकमेकींत मिसळतात, त्या सोलापूर, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यांत हेळवी हे पिढीजात वंश सांगणारे लोक आहेत. सुगी झाली कीं हेळवी बैल घेऊन दारीं येई, मूळपुरुषापासून घराण्याचीं नांवें म्हणून दाखवी, मागील खेपेनंतर जन्मलेल्यांचीं नांवें वहींत चढवी, आणि धान्य, वस्त्र किंवा रोकड घेऊन पुढच्या घरीं जाई. हेळवी आजही कांहीं घराण्यांकडे येतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांपाशीं वही असते. परंतु तेथें यजमानाला तीर्थास जावें लागतें. येथें वहीच दारीं येते, हा फरक गरिबाच्या दृष्टीनें मोठा आहे.

विणकराची गोष्ट याहून अवघड. पद्मशाली विणकर निजामाच्या तेलंगणांतून सोलापुरास आले. सोलापुरास रेल्वे १८६० त आली, पहिली कापडगिरणी १८७७ त निघाली, आणि दुष्काळानें व यंत्राच्या कापडानें जेरीस आलेला कोष्टी जेथें सूत मिळेल तेथें गेला. त्याच्याबरोबर कागद आले नाहींत; आलें तें तेलुगूंत ज्याला 'इंटि पेरु' म्हणतात तें घराचें नांव, आणि गोत्र. मार्कंडेयाचा पुत्र भावनाऋषि, त्याचे १०१ पुत्र आणि त्यांचीं १०१ गोत्रें, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. ही परंपरा इतिहास नव्हे हें खरें. परंतु कोणाची सोयरीक कोणाशीं व्हावी आणि कोणाशीं होऊं नये, हें तिनें पिढ्यान् पिढ्या ठरविलें; अनोळखी शहरांत आप्त ओळखण्याचें साधन तिनें दिलें. एका शब्दांत घर सांगणारें नांव ही कांहीं थोडीथोडकी मिळकत नव्हे.

मात्र त्या नांवावर सरकारी कचेरीचें समाधान होत नाहीं. महाराष्ट्रांत इतर मागासवर्गाच्या जातप्रमाणपत्रासाठीं कुटुंबाचें वास्तव्य १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींपासून राज्यांत असल्याचा पुरावा लागतो, आणि पडताळणीच्या वेळीं वंशावळ शपथेवर द्यावी लागते. २०२३ मध्यें मराठा-कुणबी नोंदी शोधण्यास निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां गांवोगांवचीं जन्ममृत्यूचीं जुनीं बुकें बाहेर निघालीं आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. गोतसभेचा काळ सरला, पण वंशावळीची गरज पुन्हां हक्कापाशींच येऊन ठेपली! विणकराच्या नातवाची यांत विशेष कुचंबणा होते. त्याच्या पणजोबांविषयीं कांहीं नोंद असलीच तर ती निजामाच्या दप्तरांत, उर्दूंत असावयाची. घरची भाषा तेलुगु, आणि तो स्वतः शिकला मराठींत.

दूर देशीं गेलेल्याला कधीं कधीं याहून बरें साधन मिळतें. मॉरिशसला १८३४ पासून करारबद्ध मजूर जाऊं लागले; त्यांत मराठी माणसेंही होतीं. मळेवाल्याला आपल्या मजुरांची मोजदाद हवी होती, म्हणून नांव, बापाचें नांव, वय, गांव आणि जहाज यांची नोंद झाली. तीं बुकें आज तेथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत. ज्याला गांवच्या दप्तरांत ओळभरही जागा मिळाली नसती, त्याचें नांव परक्याच्या हिशेबांत टिकलें. अमेरिकेंतील यूटा येथील वंशशोधक संस्था १८९४ ची. तिनें तर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या फिती करून नेल्या आहेत.

या साऱ्या साधनांत एक उणीव सारखीच आहे. करीन्यांत मुलींना वाटा नव्हता, म्हणून त्यांत त्यांचीं नांवें नाहींत. आणि वंशवृक्षाच्या जुन्या तक्त्यांनीं तोच कित्ता गिरविला. सून आली ती अमक्याची बायको म्हणून, लेक गेली ती वृक्षांतूनच गेली. अलीकडे कांहीं कुलवृत्तांतांत माहेरचीं नांवें व लेकींच्या शाखा घेऊं लागले आहेत, हें योग्यच होय. नाहीं तर अर्धें कूळ मंडपाबाहेर उभें करून उरलेल्या अर्ध्याचें संमेलन भरवावयाचें, असा प्रकार होतो.

प्रथमच जाणाऱ्यानें म्हणून रिकाम्या हातीं जाऊं नये. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचा फेरफार, गिरणींतील हजेरीचा कागद, देवघरांतील टाकांची संख्या, लग्नपत्रिकेवरील कुलदैवताचें नांव, यांतून दोन पिढ्या सहज निघतात. आणि या कागदांच्याही आधीं घरांतील सर्वांत वृद्ध सुनेला विचारावें. ती दुसऱ्या घरांतून आलेली असल्यामुळें हीं नांवें तिला एकेक करून शिकावीं लागलेलीं असतात. कोणाचें नांव कोणाला ठेवलें, कोण कोणत्या दुष्काळांत गांव सोडून गेला आणि कोणाशीं अबोला होता, हें तिला बहुधा चुलत्यांपेक्षां नीट सांगतां येतें.