डेम्लो संख्या

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी नामकरण केलेला संख्याप्रकार. डेम्लो हा कोणी गणिती नव्हे, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकाचे ते जुने नाव, कापरेकरांना कल्पना तिथे सुचली म्हणून घेतलेले. उदाहरणार्थ, १२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या म्हणजे नऊ एकांचा, १११११११११ चा, वर्ग. उलट वाचली तरी तीच. अंकांची बेरीज ८१, तीही पूर्ण वर्ग. मूळ अवयव मात्र तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७, एकूण विभाजक ४५. दहा एकांचा वर्ग करू गेल्यास मध्ये हातचा येतो आणि हा डौल मोडतो. ‘कापरेकर स्थिरांक’ (६१७४) तो वेगळा.